यक्षप्रश्न : उत्तर असलेल्या प्रश्नांचे नाव

(१)
पाणीटंचाई असो, बेकारी असो, शेतमालाचा भाव असो किंवा शहराच्या वेशीवर साचलेला कचरा असो. अग्रलेखात वा सभेत एक वाक्य हमखास भेटते : ‘हा एक यक्षप्रश्नच आहे.’ ऐकणारे मान डोलावतात आणि विषय तेथेच संपतो. आजच्या मराठीत यक्षप्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर कोणापाशीच नाही असा प्रश्न. हिंदीतही हा शब्द याच अर्थाने चालतो. परंतु ज्या कथेतून तो आला, तिच्यात यक्षाचा एकही प्रश्न अनुत्तरित राहिलेला नाही. अर्थाची ही उलटापालट समजून घ्यायची, तर या शब्दाच्या उगमापर्यंत जावे लागते.

(२)
अवघड प्रश्नासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कोडे आहे, ते घालणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि हरल्यास फार तर हसे होते. उखाणा आज लग्नकार्यात नाव घेण्यापुरता उरला असला, तरी त्याचा जुना अर्थ कोडे हाच. कूट म्हणजे ज्याचा अर्थ मुद्दाम दडवला आहे अशी रचना. गणपतीच्या लेखणीला क्षणभर थांबवण्यासाठी व्यासांनी कूटश्लोक रचले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. या सर्वांहून यक्षप्रश्नाचे वजन वेगळे आहे. कोडे चुकले तर डाव जातो, यक्षप्रश्न टाळला तर जीव जातो.

(३)
ही कथा महाभारताच्या वनपर्वात अगदी शेवटी येते. त्या भागाला आरणेय पर्व म्हणतात. ‘अरणी’ म्हणजे घासून अग्नी उत्पन्न करण्याची लाकडे; त्यावरून हे नाव पडले. पांडवांच्या वनवासाची बारा वर्षे सरत आली आहेत. पुढचे तेरावे वर्ष अज्ञातवासाचे आहे आणि त्यात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास ठरलेला आहे. पाच भाऊ आणि द्रौपदी द्वैतवनात राहत आहेत. अशा वेळी एक ब्राह्मण धावत येतो. त्याची अरणी आणि मंथनाचा दांडा झाडाला टांगलेला होता; एका हरणाने तेथे अंग घासले, ती लाकडे शिंगांत अडकली आणि हरिण पळाले. अरणी गेली तर त्याचे अग्निहोत्र खंडित होणार.

(४)
तक्रार लहान आहे. ज्यांचे राज्य गेले, ज्यांच्या पत्नीची भर सभेत विटंबना झाली, त्यांच्यापुढे कोणी दोन लाकडांचे गाऱ्हाणे घेऊन यावे! तरीही पाचही भाऊ धनुष्ये उचलून निघतात. हरिण दिसते, बाण सुटतात, एकही लागत नाही आणि पाहता पाहता हरिण नाहीसे होते. थकलेले, तहानलेले भाऊ एका वडाखाली बसतात. नकुल झाडावर चढून पाहतो. पाण्याकाठी वाढणारी झाडे दिसतात, सारस पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. युधिष्ठिर त्याला पाणी आणायला पाठवतो.

(५)
तळ्याचे पाणी निर्मळ आहे. नकुल वाकतो तोच आवाज येतो : साहस करू नकोस, या तळ्यावर माझा आधीपासून हक्क आहे, माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी आणि घेऊनही जा. नकुल ते ऐकतो आणि तरीही पाणी पितो. तो तेथेच निष्प्राण होऊन पडतो. त्याला शोधायला सहदेव येतो. त्याचीही तीच गत होते. अर्जुन येतो, न दिसणाऱ्या शत्रूवर तो आवाजाच्या रोखाने बाणांचा वर्षाव करतो, मग पाणी पितो आणि पडतो. शेवटी भीम येतो. तोही ऐकतो, पितो आणि पडतो.

(६)
येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या चौघांपैकी एकाचेही उत्तर चुकलेले नाही, कारण चौघांनी प्रश्न ऐकूनच घेतलेला नाही. सहदेवाची गणना तर शहाण्यांत होते. त्याला उत्तरे आली नसती असे म्हणवत नाही. त्यांना मारले ते प्रश्नाच्या अवघडपणाने नव्हे. तहान खरी होती, पाणी समोर होते आणि थांबायला सांगणारा आवाज अडचणीचा वाटला. आज यक्षप्रश्न म्हणताना डोळ्यांपुढे प्रश्नाची दुर्बोधता येते. मूळ कथेत मृत्यूचे कारण उतावीळपणा आहे.

(७)
अखेर युधिष्ठिर येतो. चार भाऊ काठावर पडलेले आहेत. तो शोक करतो, पण शोकातही निरीक्षण सोडत नाही. अंगावर शस्त्राची जखम नाही. दुर्योधनाने पाण्यात विष कालवले असेल काय? पण चेहऱ्यांचा रंग पालटलेला नाही. मग तो पाण्यात उतरतो आणि तोच आवाज येतो. बोलणारा स्वतःला शेवाळ व मासे खाणारा बगळा म्हणवतो. एका पक्ष्याने या चौघांना मारावे, हे युधिष्ठिराला पटत नाही. तू खरा कोण आहेस, असे तो विचारतो. तळ्याकाठचा पहिला प्रश्न यक्षाचा नाही, युधिष्ठिराचा आहे. त्यानंतर ताडासारखा उंच यक्ष दिसू लागतो.

(८)
यक्ष म्हणजे कोण? आज हा शब्द ऐकताच कालिदासाच्या मेघदूतातला विरही यक्ष किंवा कुबेराच्या खजिन्याचे राखणदार आठवतात. वैदिक वाङ्मयात मात्र ‘यक्ष’ हा शब्द नपुंसकलिंगी येतो आणि त्याचा अर्थ काहीसा ‘अद्भुत’, ‘विस्मयकारक दर्शन’ असा होतो. अथर्ववेदात मानवी देहाला नऊ दारांचे कमळ म्हटले असून त्यात वसणाऱ्या गूढ तत्त्वाला यक्ष म्हटले आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण जे दिसते तरी ओळखता येत नाही, हा भाव त्यात जुन्या काळापासून आहे.

(९)
केनोपनिषदातील कथा याची साक्ष देते. असुरांवर विजय मिळाल्यामुळे देवांना गर्व होतो. तेव्हा ब्रह्म त्यांच्यासमोर यक्षरूपाने उभे राहते. हे काय आहे, ते देवांना कळत नाही. चौकशीसाठी अग्नीला पाठवतात. यक्ष त्याच्यापुढे गवताची एक काडी ठेवतो आणि अग्नीला ती जाळता येत नाही. वायूला ती हलवता येत नाही. इंद्र जवळ जातो तर यक्ष अदृश्य होतो आणि त्या ठिकाणी उभी असलेली उमा हैमवती त्याला खरे काय ते सांगते. या कथेत यक्ष प्रश्न विचारत नाही. त्याचे असणे हाच देवांपुढचा प्रश्न आहे.

(१०)
पुढच्या काळात यक्ष लोकांच्या अगदी जवळ आले. झाड, तळे, वेस, बाजाराचा रस्ता यांचे ते रक्षक ठरले. मथुरेच्या संग्रहालयातील परखमचा यक्ष सुमारे अडीच मीटर उंच आहे. ताडासारख्या उंच यक्षाची कल्पना हवी असेल तर तो पाहावा. भारहूतच्या स्तूपावर यक्षांच्या प्रतिमांखाली त्यांची नावेही कोरलेली आहेत. महाराष्ट्रातही यक्ष आहेत. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत एक ठेंगणा, हसरा यक्ष सापडला. डोक्यावर पात्र धरलेली ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्यावर कोरलेले आहे. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावरही दोन भव्य यक्ष उभे आहेत.

(११)
म्हणजे महाभारत ऐकणाऱ्या त्या काळच्या श्रोत्याला तळ्याकाठी यक्ष भेटणे मुळीच विचित्र वाटले नसणार. पाणवठ्याला मालक असतो, तेथे विचारल्याशिवाय हात घालू नये, ही समजूत त्याच्या रोजच्या जगण्यातली होती. यक्षाने ‘माझा आधीपासून हक्क आहे’ असे म्हटले, तेव्हा त्या श्रोत्याला तो दांडगाई करतो असे वाटले नसेल. दांडगाई झाली होती ती चार क्षत्रियांकडून. युधिष्ठिराचे पहिले उत्तरही याला धरूनच आहे : जे तुझे आहे त्याची मला अभिलाषा नाही, मला जसे कळते तसे मी उत्तर देईन.

(१२)
प्रश्न विचारणारे यक्ष केवळ महाभारतात नाहीत. पाली भाषेतील सुत्तनिपातात आळवक आणि सूचिलोम हे दोन यक्ष बुद्धांना प्रश्न विचारतात. उत्तर दिले नाहीस तर तुझे चित्त भ्रमिष्ट करीन, काळीज फाडीन, पायांना धरून गंगेपलीकडे फेकीन, अशी त्यांची धमकी आहे. आळवकाचे प्रश्न साधे वाटतात : माणसाचे श्रेष्ठ धन कोणते, सर्वांत गोड काय? बुद्धांची उत्तरे आहेत श्रद्धा आणि सत्य. उत्तरे ऐकून यक्षाचे मन पालटते. प्रश्न, प्राणांची धमकी, धर्माविषयीचे उत्तर आणि प्रसन्न झालेला यक्ष हा साचा तेथेही हुबेहूब आहे.

(१३)
त्याहून जवळची कथा देवधम्म जातकात सापडते. वाराणसीचा राजपुत्र महिंसास, त्याचा सख्खा भाऊ चंद आणि सावत्र भाऊ सुरिय असे तिघे वनात जातात. तळ्यात एक जलराक्षस असतो. तो वेस्सवणाचा, म्हणजे कुबेराचा सेवक आहे. ‘देवधर्म’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पकडण्याची त्याला मुभा आहे. धाकटे दोघे चुकीचे उत्तर देऊन पकडले जातात. महिंसास योग्य उत्तर देतो : पापाची लाज आणि पापाचे भय. राक्षस एकच भाऊ परत द्यायला तयार होतो. महिंसास सावत्र भावाला मागतो. राक्षस संतोषतो आणि दोघांनाही सोडतो. दोन्हींपैकी जुनी कथा कोणती हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट दिसते : ही कहाणी एका ग्रंथाच्या किंवा एका धर्माच्या मालकीची नव्हती.

(१४)
प्रश्नांचे मूळ याहूनही मागे जाते. यज्ञात ऋत्विजांनी एकमेकांना गूढ प्रश्न विचारण्याची प्रथा होती. तिला ‘ब्रह्मोद्य’ म्हणत. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत अश्वमेधाच्या प्रसंगी असे प्रश्न येतात : एकटा कोण फिरतो, पुन्हा कोण जन्मतो, थंडीवर औषध कोणते, पेरणीचे मोठे स्थान कोणते? उत्तरे अनुक्रमे सूर्य, चंद्र, अग्नी आणि पृथ्वी. तळ्याकाठचा यक्ष नेमके हेच चार प्रश्न विचारतो आणि युधिष्ठिर हीच चार उत्तरे देतो. यज्ञमंडपातील परीक्षा वनातल्या पाणवठ्यावर आली, एवढाच फरक.

(१५)
त्या परीक्षेत प्राण पणाला लागतात ही कल्पनाही जुनीच. बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारले जातात. गार्गी प्रश्नांची साखळी शेवटच्या टोकापर्यंत नेते, तेव्हा तो तिला बजावतो : यापुढे विचारशील तर मस्तक पडेल. ती थांबते आणि काही वेळाने नव्या प्रश्नांसह पुन्हा उभी राहते. शाकल्याला मात्र याज्ञवल्क्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि त्याचे मस्तक खरोखरच पडते. प्राचीन भारतात प्रश्न हा खेळ होताच. पण ज्ञानाचा दावा करणाऱ्याला तो फुकटात खेळता येत नसे.

(१६)
आता यक्षाच्या प्रश्नांकडे. बरेचसे प्रश्न एका श्लोकात चार असे येतात. काही निव्वळ कोडी आहेत. डोळे उघडे ठेवून कोण झोपतो? मासा. जन्मल्यावरही कोण हलत नाही? अंडे. हृदय कोणाला नाही? दगडाला. वेगाने कोण वाढते? नदी. काही प्रश्न संसारातले आहेत. प्रवाशाचा मित्र त्याचा तांडा, घरी राहणाऱ्याची मित्र त्याची पत्नी, रोग्याचा मित्र वैद्य आणि मरणाऱ्याचा मित्र त्याने केलेले दान. पृथ्वीहून जड आई, आकाशाहून उंच पिता, वाऱ्याहून वेगवान मन आणि गवताच्या पात्यांहून संख्येने अधिक चिंता. यातले एकही उत्तर सामान्य माणसाला न कळण्याजोगे नाही.

(१७)
पुढे प्रश्नांचा सूर पालटतो. काय सोडल्याने माणूस प्रिय होतो? अभिमान. काय सोडल्याने पस्तावत नाही? क्रोध. काय सोडल्याने संपन्न होतो? कामना. काय सोडल्याने सुखी होतो? लोभ. ब्राह्मण्य कुळाने मिळते, अध्ययनाने की आचरणाने, असाही प्रश्न येतो. युधिष्ठिर उत्तर देतो : आचरणाने. हेच मत त्याने याच वनपर्वात आधी, भीमाला विळखा घालून बसलेल्या अजगररूपी नहुषापुढेही मांडले आहे. त्या वेळीही उत्तरे देऊनच त्याने भावाला सोडवले होते. वंशावर उभ्या असलेल्या राज्याचा हा वारस दोन वेळा, दोन्ही वेळा प्राण पणाला लागलेले असताना, आचरणाची बाजू घेतो.

(१८)
आणखी एक प्रश्न : सुखी कोण? युधिष्ठिराच्या उत्तराचा आशय असा : दिवसाच्या पाचव्या-सहाव्या प्रहरी का होईना, पण जो आपल्या घरी भाजी शिजवतो, ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही आणि ज्याला घर सोडून राहावे लागत नाही, तो सुखी. हे उत्तर कोण देतो आहे ते पाहावे. बारा वर्षे घराबाहेर असलेला, द्यूतात सर्वस्व घालवलेला, चार भावांच्या शवांपाशी उभा असलेला माणूस. त्याच्या व्याख्येनुसार तो स्वतः सुखी नाही. सुख म्हणजे साम्राज्य, असे सांगणे त्याला सोपे होते; त्याने स्वतःजवळ नसलेली गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली.

(१९)
सर्वांत मोठे आश्चर्य कोणते, हा या संवादातील सर्वाधिक गाजलेला प्रश्न. रोज प्राणी यमाच्या घरी जाताना दिसतात, तरी मागे राहिलेले आपण कायमचे राहणार असे धरून चालतात, हे आश्चर्य. भावांच्या देहांपाशी दिलेले हे उत्तर तत्त्वज्ञानाच्या वर्गातले वाटत नाही. प्रश्नांची संख्या आणि क्रम सर्व हस्तलिखितांत सारखा नाही, हेही येथे सांगायला हवे. असा संवाद वाढत जाणे स्वाभाविकच होते. प्रत्येक पिढीला यक्षाच्या तोंडी आपलाही एखादा प्रश्न घालावासा वाटला असणार.

(२०)
हे पाठभेद कळले ते पुण्यातील एका मोठ्या उद्योगामुळे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरातील आणि देशाबाहेरील हस्तलिखिते मिळवून श्लोक श्लोकाशी ताडून पाहण्यात आला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक होते. वनपर्वाचे, म्हणजे आरण्यकपर्वाचे संपादन त्यांनी स्वतः केले आणि ते १९४२ मध्ये पूर्ण झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. मराठी श्रोत्यांपर्यंत ही कथा त्याआधीच पोचली होती. मुक्तेश्वरांनी वनपर्व ओवीत आणले होते आणि मोरोपंतांनी सारे भारत आर्येत.

(२१)
सारे प्रश्न संपतात आणि यक्ष संतुष्ट होतो. मात्र तो एकाच भावाला जिवंत करायला तयार आहे. कोणाला, ते युधिष्ठिराने सांगायचे. खरे तर हा प्रश्नच नव्हे, ही निवड आहे. आणि साऱ्या संवादात याहून अवघड काही नाही. भीमाच्या अंगी दहा हजार हत्तींचे बळ आहे. अर्जुनाच्या बाहूंवर पांडवांची सारी भिस्त आहे. पुढे युद्ध दिसते आहे, राज्य परत मिळवायचे आहे. युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो.

(२२)
यक्ष कारण विचारतो. युधिष्ठिर सांगतो : पित्याला कुंती आणि माद्री अशा दोन पत्नी होत्या, दोघी मला सारख्याच. कुंतीचा मुलगा मी जिवंत आहे, तेव्हा माद्रीचाही एक जगावा. माद्री केव्हाच पंडूबरोबर चितेवर गेलेली आहे. तिची बाजू मांडायला तेथे कोणी नाही. थोड्याच वेळापूर्वी यक्षाने विचारले होते, जगात श्रेष्ठ धर्म कोणता. आणि युधिष्ठिराचे उत्तर होते ‘आनृशंस्य’, म्हणजे क्रूर न होणे, दुसऱ्याच्या दुःखाची जाण ठेवणे. आता त्याच शब्दाचा आधार घेऊन तो सर्वांत समर्थ भावांवरचा हक्क सोडतो. तोंडी परीक्षेत दिलेले उत्तर त्याला लगेच जगून दाखवावे लागले.

(२३)
यक्ष चौघांनाही उठवतो. मग तो आपली ओळख देतो : तो धर्म आहे, युधिष्ठिराचा पिता; हरणाचे रूपही त्यानेच घेतले होते. ग्रीक कथेत ईडिपसने कोडे सोडवल्यावर स्फिंक्स कड्यावरून उडी घेऊन मरते. तेथे उत्तर म्हणजे विचारणाऱ्याचा पराभव. येथे विचारणाराच उत्तराची वाट पाहत होता. त्याला आपला मुलगा जिंकायला हवा होता. पुढे अज्ञातवासात युधिष्ठिराने जे नाव घेतले ते ‘कंक’. तेही बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे नाव आहे. ज्या पक्ष्याच्या रूपाने त्याची परीक्षा झाली, जणू त्याच्याच नावाखाली तो वर्षभर लपून राहिला.

(२४)
तेव्हा ‘यक्षप्रश्न’ या शब्दाचा उगम पाहिला, तर त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, प्रश्न अवघड असला तरी त्याला उत्तर आहे, आणि बहुधा ते सर्वांना कळण्याजोगे आहे. दुसरी, उत्तर देईपर्यंत हात आवरावा लागतो. समोरचे पाणी कितीही निर्मळ दिसले आणि तहान कितीही खरी असली, तरी. तिसरी, शेवटचे उत्तर शब्दांत देता येत नाही. त्यासाठी स्वतःच्या सोयीची एखादी गोष्ट सोडावी लागते. भाषेत शब्दांचे अर्थ बदलतात आणि आजचा अर्थ चूक म्हणण्याचे कारण नाही. पण एखाद्या प्रश्नाला यक्षप्रश्न म्हणून हात झटकणारा माणूस युधिष्ठिराच्या जागी उभा नसतो. तो तळ्याकाठी पडलेल्या चौघांच्या रांगेत असतो.

(२५)
पाण्याच्या प्रश्नाला तर हे नाव फारच नेमके लागू पडते, कारण मूळ यक्षप्रश्न पाण्यावरच विचारला गेला होता. या पाण्यावर आधीचा हक्क कोणाचा? आपल्याआधी येथे कोण होते? आपल्या निवडीत ज्याची बाजू मांडायला कोणी नाही, त्याच्या वाट्याला काय येईल? हे प्रश्न आजही बंधाऱ्यावर, कालव्यावर, टँकरच्या रांगेत विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे अशक्य नाहीत. मात्र ती देणाऱ्याला काही सोडावे लागते. बहुधा म्हणूनच त्यांना अनुत्तरित म्हणणे सोयीचे वाटत आले असावे.

(२६)
कथेचा शेवट अनेकदा सांगायचा राहून जातो. प्रसन्न झालेला धर्म युधिष्ठिराला वर माग म्हणतो. राज्य, विजय, सूड, अज्ञातवासातील सुरक्षितता, काहीही मागता आले असते. अज्ञातवासात कोणी ओळखू नये हा वर त्याने पुढे मागितलाही. पण त्याचा पहिला वर वेगळा होता. हरणाने पळवलेली ब्राह्मणाची अरणी परत मिळावी, त्याचे अग्निहोत्र बुडू नये, एवढेच त्याने आधी मागितले. चार भावांचा मृत्यू पाहून आणि साऱ्या प्रश्नांना उत्तरे देऊन झाल्यावरही, आपण सकाळी कोणाच्या कामासाठी घरातून निघालो होतो, हे तो विसरला नव्हता.